शेपटीतली तार

मागच्या महिन्यात पांढुर्ण्याच्या व्यापारी मंडळींनी माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि चौकटीतलं मानपत्र. एक वक्ते म्हणाले, "मधुभाऊंच्या हातून पंचवीस वर्षांत एक यंत्र बिघडलं नाही. उलट बिघडलेली यंत्रं त्यांना पाहून घाबरून सुधारली." लोक हसले, टाळ्या पडल्या. मी मांडीवर नारळ धरून बसलो होतो. तो आपल्याच डोक्यात फोडावा असं वाटत होतं.

त्याच आठवड्यात या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. रेडिओ दुरुस्तीचे गमतीदार अनुभव लिहून पाठवा, तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं येऊ द्या, दिवाळीत लोकांना हसू आलं पाहिजे. संपादकसाहेब, गिऱ्हाईक एक देतो. तिगावची म्हातारी. बाकी जे लिहितो आहे ते हसण्यासारखं नाही. छापायचं नसेल तर पूर्ण परत पाठवा. अर्धं छापू नका.

स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. समोर काउंटर, मागे टेबल, टेबलावर मीटर आणि सोल्डरिंगची काडी. मी नागपूरला एका उस्तादांकडे काम शिकलो. ते एकच गोष्ट दिवसातून दहादा सांगत, "तार दिखी तो मिस्तरी कच्चा." रेडिओचं झाकण उघडल्यावर आत तारांचं जंगल दिसलं तर ते मेणकट दोरा फेकून मारत. मी ते अंगात मुरवून घेतलं. माझ्या हातून गेलेल्या रेडिओत तारा विंचरून, जुडी करून, दोऱ्यानं बांधलेल्या असत. पांढुर्ण्यातले बाकी मेकॅनिक त्याला 'मधूची वेणी' म्हणायचे. थट्टेनं म्हणायचे, पण मला ती पदवी वाटायची. एखादी तार लोंबताना दिसली की मला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

आता म्हातारी. तिगावाहून पॅसेंजरनं यायची, लुगड्याच्या चिंधीत रेडिओ गुंडाळून. पहिल्यांदा आली तेव्हा रेडिओ काउंटरवर ठेवून म्हणाली, "बाप्पा, हा खाकरून राहिला."

"खाकरते?"

"खाकरते म्हणजे! माहा नवरा मरायच्या आधी सहा महिने असाच खाकरे. याले वाचव."

आवाज कमी-जास्त करायची जी कळ असते, तिच्या पोटात कोळशाचा एक पट्टा असतो. कळ फिरवली की एक पत्रा त्या पट्ट्यावरून सरकतो. वीज कोळशातून जितकी लांब चालत जाईल तितकी ती दमते आणि आवाज बारीक होतो. पट्ट्यावर धूळ बसली की खरखर. रेडिओ दुरुस्तीतलं निम्मं काम म्हणजे हा पट्टा स्पिरिटनं पुसणं. मी तो पुसला, रेडिओ स्वच्छ बोलू लागला. म्हातारीला ते खरं वाटेना. मग मी एक संपलेला सेल फोडला, त्यातली काळी कांडी काढून तिला दाखवली. "आजी, हा कोळसा. दिसाले कोळसाच, पण वीज याच्यातून चालते. तारेसारखी."

म्हातारी कांडी हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे चुलीतला कोळसा वेगळा अन् हा शाळा शिकेल कोळसा."

हे नीट लक्षात ठेवा. कोळशातून वीज चालते हे मी तिगावच्या निरक्षर म्हातारीला समजावून सांगितलं होतं. रोज संध्याकाळी माझी बोटं त्याच कोळशानं काळी झालेली असत.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. सौंसरच्या एका शाळेत वानखेडे सर पदार्थविज्ञान शिकवायचे. कॉलेजात असताना ते एनसीसीच्या हवाई शाखेत होते आणि तिथं छोटी विमानं बनवायला शिकले होते. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष मोठे संत्रा व्यापारी होते. त्यांचे मेहुणे परदेशात. त्या मेहुण्यांनी रेडिओवर चालणाऱ्या विमानाचं यंत्र आणून दिलं. हातात धरायचा ट्रान्समीटर, त्याला उघडमीट होणारा लांब अँटेना. विमानात बसवायचा रिसीव्हर, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्याच्या पोटातून निघालेली दीड-दोन हात लांब पातळ तार, म्हणजे रिसीव्हरचा अँटेना. सुकाणू हलवणाऱ्या बारक्या मोटरी आणि एक चिमुकलं इंजिन. सोबत विमान नव्हतं. विमान आपण बनवायचं.

सर यंत्र घेऊन बसनं पांढुर्ण्याला आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मधुकर, सौंसरात मला विचारतात, हा ट्रान्झिस्टर कोणता म्हणून. हे समजणारा माणूस मला तुझ्याशिवाय दिसत नाही." मी फुगलो. त्या दिवसापासून दर रविवारी दुकान बंद करून मी सौंसरला जायचो.

विमानाचं लाकूडकाम बोरगावच्या सुखदेव सुताराचं. तान्ह्या पोळ्याला पोरं जे लाकडी बैल ओढत नेतात, ते बनवण्यात त्या भागात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सरांनी त्याला कागदावर विमान काढून दाखवलं. तो म्हणाला, "सर, याले शिंगं नाई, वशिंड नाई. बैलापेक्षा सोपं आहे." पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं अंग, बांबूच्या कामट्यांचे पंख, त्यावर पतंगाचा कागद. पहिल्यांदा विमान उडालं तेव्हा सुखदेव मैदानात मांडी घालून खालीच बसला. "उडलं बे! माहं लाकूड उडलं!" त्या वेळी आम्ही तिघंही तिशीच्या आतबाहेर होतो. त्या रविवारांसारखे रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत. ते मी माझ्याच हातानं संपवले.

सरांचा एक नियम होता आणि तो ते कधी मोडत नसत. उडवायच्या आधी पावलं मोजायची. ट्रान्समीटरचा अँटेना पूर्ण मिटवून ठेवायचा, म्हणजे त्याची ताकद मुद्दाम कमी होते. एकानं विमान धरून उभं राहायचं. दुसऱ्यानं ट्रान्समीटरवरची सुकाणूची कांडी हलवत हलवत दूर जायचं, आणि विमान धरणाऱ्यानं त्याची पावलं मोठ्यानं मोजायची. चाळीस पावलांपर्यंत सुकाणू शहाण्यासारखं हललं पाहिजे. इतकं झालं तर अँटेना उघडल्यावर विमान आकाशात कुठंही गेलं तरी आपलं ऐकेल. चाळीसच्या आत सुकाणू थरथरलं, की त्या दिवशी उडवायचं नाही. कारण सापडेपर्यंत नाही. पावलं मोजायचं काम बहुतेक सुखदेवकडे असायचं. शाळेत तो फार गेला नव्हता, पण आकडे खणखणीत मोजायचा.

मैदान खडकाळ. उतरताना विमानाची शेपटी तीनदा मोडली. शेपटीचा दांडा सागाच्या काठीचा होता. अध्यक्षांनी मेहुण्यांना सांगितलं आणि त्यांच्याकडून एक मोडकी मासे धरायची काठी आली. काळी, चकचकीत, आतून पोकळ, हातात घेतली तर कागदासारखी हलकी. वाकवली तर वाकेना. सुखदेव तिच्यावर रंधा घासून पाहून म्हणाला, "हे कोणत्या झाडाचं व्हय?" सर म्हणाले, कार्बन फायबर, कार्बनचे धागे राळेत बसवलेले असतात. त्यांनी स्वतः तेव्हा ते फक्त वाचलेलं होतं. मी ते ऐकलं. कार्बन हा शब्द मी ऐकला. आणि माझ्या डोक्यात काहीही वाजलं नाही.

त्या साली अध्यक्षांच्या मनात आलं की विमान पोळ्याला उडवायचं. सौंसरच्या मैदानावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली गावच्या बैलजोड्या सजवून उभ्या करतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात, मग तोरण तुटतं आणि बैल घरोघर जातात. अध्यक्षांची कल्पना अशी की तोरण तुटायच्या आधी विमानानं वरून झेंडूची फुलं टाकावी.

सर म्हणाले, "बैलांच्या गर्दीवर नको, साहेब. सव्वीस जानेवारीला करू."

"सव्वीस जानेवारीले कोण येते? पोरं अन् मास्तर," अध्यक्ष म्हणाले. "पोळ्याले सारा तालुका येते. तुम्ही मैदानाच्या त्या कोपऱ्यातून उडवा, उंचावरून न्या, फुलं टाका, परत आणा. हाय काय त्याच्यात!" मग त्यांनी विमानाकडे पाहिलं. रिसीव्हरची तार अंगातून बाहेर काढून शेपटीच्या टोकाला रबरानं बांधलेली होती आणि उरलेली मागे लोंबत होती. "अन् मधुभाऊ, हे शेपटीले दोरा कायचा? दवाखान्यातल्या पेशंटले नळी लावल्यावानी दिसते. लोक हसतीन न बाप्पा."

सर म्हणाले, "ती तार बाहेरच हवी."

अध्यक्षांचं बोलणं मला लागलं. तार दिखी तो मिस्तरी कच्चा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, ज्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात त्या दिवशी, मी सकाळीच सौंसरला गेलो. नवा काळा दांडा बसवायचा होता. सर शाळेत अध्यक्षांसोबत कार्यक्रमाच्या तयारीत अडकले होते. मी आणि सुखदेवनं दांडा बसवला. पोकळ दांडा, तारेच्या लांबीचा. मला मोह झाला असं लिहिलं तर ती पळवाट होईल. मला मोह झाला नाही, मला अभिमान वाटला. मी तार दांड्याच्या आतून ओवली. शेवटी चार बोटं टोक शेपटीतून बाहेर राहिलं, ते मी सुकाणूच्या कडेला चिकटवून टाकलं. विमान एकदम देखणं दिसू लागलं. सुखदेव म्हणाला, "वा मधुभाऊ, वेणीच घातली!"

मी काय केलं होतं ते सांगतो. रेडिओच्या लहरी तारेपर्यंत पोहोचल्या तर रिसीव्हरला ऐकू येतं. कोळशाच्या धाग्यांतून वीज वाहते, म्हणून तो दांडा लहरींना तारेपर्यंत जाऊच देत नाही. लोखंडी पेटीत ट्रान्झिस्टर ठेवून झाकण लावलं की गाणं बंद पडतं, तसंच. माझं विमान बहिरं झालं होतं. फक्त बाहेर राहिलेल्या चार बोटं तारेनं त्याला जवळचं तेवढं ऐकू येत होतं. आणि हीच त्यातली वाईट गोष्ट. ते पूर्ण बहिरं असतं तर जागेवरून हललंच नसतं.

मग आम्ही पावलं मोजायला मैदानावर गेलो. सुखदेव विमान धरून उभा. मी कांडी हलवत चालू लागलो. तो मोजत होता. मध्येच तो थांबला आणि ओरडला, "मधुभाऊ, शेपूट थरथरून राहिली!"

वीस पावलंही धड झाली नसतील.

"बॅटरी उतरली असन," मी ओरडलो. "धर नीट."

बॅटरी उतरली नव्हती. सकाळीच मी ती भरून आणली होती. हे मला त्या क्षणी माहीत होतं. तरी मी ती पुन्हा तासभर चार्जिंगला लावली, कारण काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं होतं. नंतर पुन्हा मोजलं तेव्हा मी दहा-पंधरा पावलांवर थांबलो आणि म्हणालो, चालते. सुखदेव म्हणाला, "चाळीस?" मी म्हणालो, "चालते म्हटलं न." ऊन होतं, उद्या कार्यक्रम होता, तार उपसून पुन्हा बाहेर काढायची म्हणजे दांडा उखडावा लागला असता, आणि अध्यक्ष 'नळी' म्हणाले असते. एवढ्याच कारणांसाठी. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला लिहायला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सर घाईघाईत आले. तार दिसेना म्हणून थबकले. "तार?"

"आतून घेतली, सर. पावलं मोजली."

"चाळीस?"

"चाळीस."

सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांनी स्वतः पुन्हा मोजायला हवं होतं असं मला नंतर अनेकांनी सांगितलं, माझं मन हलकं करायला. अशी सांत्वनं करणाऱ्यांचा मला संताप येतो. माणूस विश्वास ठेवतो हा त्याचा गुन्हा ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं होतं. बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली. तोरणाखाली एक म्हातारा झडती म्हणत होता आणि बाकीचे ओरडून साथ देत होते. आम्ही लांबच्या कोपऱ्यात. सुखदेव आमच्याजवळ नव्हता. त्याच्या मोठ्या भावाची जोडी तोरणाखाली होती आणि भावाचा पाय सुजलेला, म्हणून सुखदेव कासरा धरून जोडीपाशी उभा होता. कासरा हाताला गुंडाळायचा नसतो, हे शेतकऱ्याच्या घरचं लहान पोरही जाणतं. त्यानं तो उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला होता. त्याला मान वर करून विमान पाहायचं होतं. त्याचं लाकूड उडणार होतं.

विमान उठलं. आमच्या डोक्यावर दोन फेऱ्या झाल्या, लोक टाळ्या वाजवू लागले. मग सरांनी इंजिनाचा आवाज कमी केला आणि ते तोरणाकडे नेलं. फुलं पडली. ती तोरणावर न पडता अध्यक्षांच्या फेट्यावर पडली आणि सगळं मैदान हसलं. सर हसले, मी हसलो. विमान तोरणाच्या पलीकडे गेलं. सरांनी वळवायला अंगठ्यानं कांडी दाबली.

"मधुकर," सर म्हणाले, "हे ऐकत नाही."

त्यांनी ट्रान्समीटर डोक्यावर धरला आणि विमानाच्या दिशेनं धावत सुटले, जवळ गेलं तर ऐकेल म्हणून. मी धावलो नाही. मला उभ्या जागी कळलं होतं. सुकाणू एका बाजूला अडकलं, विमान एका पंखावर कललं आणि इंजिन किंचाळत बैलांच्या मधोमध पडलं.

पुढचं थोडक्यात लिहितो. बैल उधळले. माणसं बाजूला झाली, बहुतेकांचं खरचटण्यावर निभावलं. सुखदेवला बाजूला होता आलं नाही. जोडीनं त्याला मैदानभर फरफटत नेलं. नागपूरच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. उरलेली तीन मिटत नाहीत. त्या हातात पटाशी पुन्हा आली नाही.

विमानाचे तुकडे 'तपासणीसाठी' मी पांढुर्ण्याला आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, टेबलावर काळा दांडा ठेवला. ब्लेडनं त्याची चकाकी खरवडली, दोन्ही टोकांना मीटरच्या सुया लावल्या. काटा उडून पार पलीकडे गेला. तार लावल्यावर जातो तसा.

काउंटरवर तिगावची म्हातारी उभी होती, रेडिओ घेऊन. "काय झालं रे बाप्पा? करंट लागला काय?"

मी म्हणालो, "कोळसा आहे, आजी."

"मग? कोळशातून वीज चालतेच. तूच तर सांगतलं होतं."

तिसऱ्या दिवशी मला सौंसरच्या ठाण्यात बोलावलं. अध्यक्ष खुर्चीत बसलेले होते. ते मला खोटं बोल म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "मधुभाऊ, तुम्ही जाणते. तुमच्या यंत्रात काही नव्हतं, हो ना? नाव खराब होते माणसाचं." माझंच नाव मला दाखवलं त्यांनी. मी कागद ओढला आणि आमच्याकडे सरकारी काम हिंदीत चालतं तसं हिंदीत लिहिलं: यंत्र की जाँच मैंने स्वयं की थी, यंत्र में कोई खराबी नहीं थी. खाली सही. अक्षर सुरेख आलं होतं.

यंत्र ठीक होतं म्हणजे उडवणारा चुकला. दुसरा अर्थ निघतच नव्हता. शाळेत सरांची चौकशी बसली. गर्दीवर विमान नेणारा बेजबाबदार मास्तर. ज्यांनी पोळ्याचा हट्ट धरला त्यांनीच चौकशी केली. मुलं वर्गात सरांच्या पाठीमागं तोंडानं विमानाचा आवाज काढायची. दिवाळीआधी सरांनी राजीनामा दिला. सासुरवाडी वरुडची, तिकडे जायला निघाले. जाताना पांढुर्ण्याला उतरून माझ्या दुकानात आले. चहा घेतला नाही.

"मधुकर, एकच विचारतो. चाळीस पावलं नक्की चाललं होतं ना?"

तेव्हाही सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कोणी नव्हतं.

"हो, सर."

"मग माझाच अंगठा चुकला," सर म्हणाले. आपल्या उजव्या अंगठ्याकडे त्यांनी पाहिलं आणि बस पकडायला गेले.

माझं दुकान वाढलं. टीव्ही आले, टेपरेकॉर्डर आले, छतावर अँटेना चढवायला माणसं ठेवली. मधुभाऊच्या हातचं काम बिघडत नाही, अशी ख्याती झाली. लोक म्हणत, सुखदेवचं नशीब. या शब्दाची मला शिसारी आहे. सुखदेवचा हात नशिबानं गेला नाही. तो मी घालवला, दोऱ्यानं बांधून, नीटनेटका.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी बोरगावला गेलो. इतकी वर्षं मी त्या गावाला वळसा घालून जात होतो. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचं तरी बोरगावच्या माणसाशी गाठ नको म्हणून शनिवार टाळून जायचो. सुखदेव अंगणात बसला होता. त्याची मुलगी लाकडी बैलाचं तोंड कोरत होती आणि तो तिला तोंडानं सांगत होता, "नाक दाबू नको. नाक दाबलं का बैल मेंढरू दिसते."

मला पाहून म्हणाला, "ये. शाल आणली काय दाखवाले?"

मी सगळं सांगितलं. दांडा, मीटरचा काटा, बॅटरी. मुलीचा हात थांबला होता. शेवटी मी हात जोडले.

"हात खाली घे," तो म्हणाला. "मले काय नवीन सांगून राहिला तू? मी म्हटलं नव्हतं, शेपूट थरथरून राहिली? दवाखान्यातून आल्यावर मी ठाण्यात गेलो. बँडेज बांधून गेलो. सांगतलं, शेपूट थरथरत होती, सराची चूक नाई. तो शिपाई हासला. म्हणे, मेकॅनिकनं लिहून देल्लं, तू बैल बनवणारा, तुले काय समजते?"

मला हे माहीत नव्हतं. माझ्या कागदानं सुखदेवचं तोंडही बंद केलं होतं.

"वीस वर्षं वाट पाहून राहिलो," तो म्हणाला. "का हा आज येईन, उद्या येईन. अन् आला तर मले हात जोडते. माह्यापाशी कायले आला? माहा हात बैलानं तुडवला. मुकं जनावर, घाबरलं. सराचं नाव तुडवलं ते तू. शिकेल माणूस. सरले सांगतलं का?"

"नाही."

"मग चाल हो इथून. त्याईले सांगशीन तवा ये."

वरुडला सर शिकवण्या घेतात. केस पांढरे झाले आहेत. मला त्यांनी ओळखलं, बसवलं, पाणी दिलं. मी सत्कारापासून मागे जात सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, "तार पूर्ण आत होती?"

"चार बोटं बाहेर."

"म्हणून उठलं," ते म्हणाले. "म्हणून मी दोन फेऱ्या मारू शकलो." पदार्थविज्ञानाचा मास्तर आधी बोलला. माणूस नंतर बोलला. "मी त्यानंतर ट्रान्समीटर हातात घेतला नाही, मधुकर. स्कूटरसुद्धा चालवत नाही. मला वाटायचं, माझे हात भरवशाचे नाहीत. पोरीला कडेवर घेताना भीती वाटायची. आणि तू मला हे आता सांगतोस, सत्कार झाल्यावर."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी क्षमा मागायला लागलो.

"क्षमा वगैरे राहू दे," ते म्हणाले. "खोटं लिहून दिलंस ना? मग खरं लिहून दे. सौंसर-पांढुर्ण्यात वाचलं जाईल अशा जागी. आणि नुसतं रडगाणं लिहू नको. पुढच्या माणसाचं विमान पडणार नाही, असं लिही."

म्हणून, आधी ते. ज्याच्या विमानात काळे कार्बनचे दांडे, पट्ट्या, जे काही असेल, त्यानं रिसीव्हरची तार त्यांच्या आत घालू नये आणि त्यांना लागून नेऊ नये. जिथून जमेल तिथून बाहेर काढावी, मोकळी लोंबू द्यावी. वाईट दिसते? दिसू द्या. तार गुंडाळून ठेवू नये, छाटू नये. कार्बन वरून चकचकीत असतो, चकाकीवर मीटर गप्प बसतो, खरवडून पाहावं. आणि विमानात काहीही बदललं, एक खिळा जरी बदलला, तर पावलं पुन्हा मोजावी. सगळ्या बाजूंनी मोजावी. सुकाणू थरथरलं तर बॅटरीला दोष देऊ नये. त्या दिवशी घरी जावं.

आता जबाब. मी, मधुकर, राहणार पांढुर्णा, लिहून देतो की पोळ्याच्या दिवशी सौंसरच्या मैदानावर पडलेल्या विमानाच्या यंत्रात दोष होता. तो मी घातला होता. आदल्या दिवशी तो मला दिसला होता आणि सुखदेव सुतारानं तो मोठ्यानं ओरडून सांगितला होता. सुकाणू वीस पावलांवर थरथरलं. चाळीस पावलं हे मी वानखेडे सरांना खोटं सांगितलं. ठाण्यात दिलेला माझा लेखी जबाब खोटा आहे. सरांचा हात चुकला नव्हता.

हा जबाब पाठवण्याआधी मी बोरगावला जाऊन सुखदेवला वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाला, "एक चूक आहे."

"कोणती?"

"वीस नाई. अठरा. मोजत मी होतो न."

अठरा.